उभी केली तेव्हा चालू होती

वर्तमानपत्र वाचण्याची माझी पद्धत घरात बदनाम आहे. कोणी अग्रलेखापासून सुरुवात करतो, कोणी क्रिकेटपासून. आमचे शेजारी निधनवार्तांपासून करतात आणि त्यात स्वतःचे नाव नाही अशी खात्री पटली की चहा मागवतात. मी छोट्या जाहिरातींपासून सुरुवात करतो आणि पुष्कळदा तिथेच पेपर मिटतो. त्यातही ‘भाड्याने देणे’, ‘हरवले-सापडले’ वगैरे किरकोळ प्रकार मी वरवर चाळतो. माझा खरा जीव ‘विकणे आहे’ या सदरावर.

‘विकणे आहे’ हा मराठीतला एक उपेक्षित वाङ्मयप्रकार आहे असे माझे जुने मत आहे. नवकवितेवर परिसंवाद झाले, ग्रामीण कथेवर झाले, ‘विकणे आहे’वर एकही नाही. वास्तविक हा एकच प्रकार असा, की ज्यात लेखक शब्दामागे पदरचे पैसे मोजतो. इतरत्र लेखकाला मानधन मिळते (निदान मिळेल असे सांगतात), म्हणून तो पाल्हाळ लावतो. इथे ‘अत्यंत’ हा शब्द घालायचा तर खिशात हात घालावा लागतो. त्यामुळे ‘डॉक्टरने वापरलेली फियाट, सिंगल हॅण्ड, इंजिन पॅक, बघून बोला’ एवढ्यात सगळे चरित्र येते. या डॉक्टर लोकांचे मला कुतूहल आहे. महाराष्ट्रात विकायला निघालेली प्रत्येक दुसरी गाडी डॉक्टरने वापरलेली असते. मग पेशंटकडे हे लोक जात कसे होते?

तर असा मी, आणि माझा एक भाचा अमेरिकेत मिशिगनला. मागच्या खेपेला तो आला तेव्हा त्याने इतरांना चॉकलेटे आणली आणि मला ‘हेमिंग्ज मोटर न्यूज’ या मासिकाचा एक जुना जाडजूड अंक. म्हणाला, “मामा, तुझ्यासाठी. पहिल्यापासून शेवटपर्यंत ‘विकणे आहे’!” मला भरून आले. १९५४ पासून हे मासिक निघते आणि जुन्या मोटारींच्या जाहिराती हाच त्याचा खरा ऐवज. आपल्याकडे दिवाळी अंकातही जाहिरातीच जास्त असतात, पण मधूनमधून कथा घालून रसभंग करतात.

अंक मी पंधरा दिवस पुरवून वाचला. त्यात एका विशिष्ट जातीच्या गाड्यांची गर्दी होती. तिकडे त्यांना ‘मसल कार’ म्हणतात. आपण पैलवान गाड्या म्हणू. पैलवान म्हणजे काय, तर मध्यम अंगाच्या मोटारीत थोरल्या मोटारीचे इंजिन कोंबायचे. याची सुरुवात १९६४ च्या पाँटिअॅक जीटीओपासून झाली असे बहुतेक जाणकार मानतात. जनरल मोटर्सचा नियम असा होता की मध्यम गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठे इंजिन घालायचे नाही. पाँटिअॅककडे जॉन डिलोरियन नावाचे इंजिनियर होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नियम मोडला नाही, नुसता वळवला. ३८९ घनइंचांचे इंजिन त्यांनी टेंपेस्ट नावाच्या साध्या गाडीवर ‘ऑप्शन’ म्हणून ठेवले. गाडी नियमात बसणारी, वरची वस्तू गिऱ्हाइकाने मागितली तर आम्ही काय करणार! हा युक्तिवाद आपल्याकडचा वाटतो, पण डेट्रॉइटचा आहे. पाच हजार खपतील असा अंदाज होता, पहिल्या वर्षी ३२,४५० खपल्या.

३८९ घनइंच म्हणजे सुमारे ६४०० सीसी. आपल्या प्रीमियर पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे. म्हणजे जवळजवळ सहा पद्मिनी एका बॉनेटखाली. मग प्रत्येक कंपनीने आपापला आखाडा काढला. प्लिमथवाल्यांनी १९६८ मध्ये रोड रनर काढली आणि व्यंगपटातल्या त्या पक्ष्याचे नाव-चित्र वापरण्यासाठी पन्नास हजार डॉलर मोजले. हॉर्नही त्याच्यासारखा ‘बीप बीप’ वाजणारा! हा सगळा दंगा आठ-दहा वर्षे चालला. विम्याचे हप्ते चढले, धुराविरुद्ध १९७० चा कायदा आला आणि १९७३ मध्ये अरबांनी तेल आवळले. पैलवानांचा खुराकच तुटला. पुढे ज्या मोडीत गेल्या नाहीत त्या परसात, गोठ्यात, झाडाखाली पडून राहिल्या आणि आता त्याच ‘विकणे आहे’मध्ये येतात.

आता समीक्षेकडे वळतो. या जाहिरातींत मला मुख्यतः तीन जाती दिसल्या.

पहिली ‘प्रोजेक्ट’. म्हणजे गाडी नसून गाडीचा संकल्प. चार चाके असली तर भाग्य. दरवाजे वेगळ्या खोक्यात, इंजिन मेव्हण्याकडे, काच येणार आहे. ‘नव्वद टक्के पूर्ण’ असे लिहिलेले असते. उरलेल्या दहा टक्क्यांत गाडी असते. विकण्याचे कारणही ठरलेले, लग्न झाले, मूल झाले, जागा नाही. आपल्याकडे कादंबरी अर्धवट टाकण्याची कारणे हीच असतात; फरक इतकाच की अर्धवट कादंबरीला गिऱ्हाईक मिळत नाही.

दुसरी ‘रिस्टोअर्ड’. म्हणजे सगळे उघडून, घासून, रंगवून पुन्हा जोडलेली. ही जाहिरात वाचताना ब्यूटी पार्लरमधून आल्यासारखे वाटते. इथे समीक्षकाने खिशात लोहचुंबक ठेवावे, असा भाचा म्हणतो. पत्रा असेल तर चिकटते. पत्रा गंजून गेला असेल आणि त्यावर आपले पेंटर लोक म्हणतात तशी लांबी भरलेली असेल, तर चुंबक घसरून खाली पडते. तिकडे थंडीत रस्त्यांवर बर्फ वितळायला मीठ टाकतात. गाड्या खालून सडतात. त्यामुळे ‘कोरड्या प्रांतातली गाडी’ हे तिकडे खानदानी घराण्याइतके मोठे विशेषण आहे.

याच जातीत एक पोटजात आहे, तिला ‘ट्रिब्यूट’ म्हणतात. साधी टेंपेस्ट घ्यायची, जीटीओची चिन्हे लावायची आणि जीटीओ म्हणून मिरवायची. पूर्वी हिला खोटी गाडी म्हणत असावेत, आता ट्रिब्यूट, म्हणजे आदरांजली. हा शब्द मला इतका आवडला की आमच्याकडच्या दूधवाल्याच्या दुधालाही मी तोच वापरू लागलो आहे.

तिसरी जात ‘सर्व्हायव्हर’. वाचलेली. हिला कोणी हात लावलेला नाही. मूळचा रंग, मूळची सीट, मूळचे ओरखडे. इंजिनवरचा नंबर चॅसिसच्या नंबराशी जुळणारा. रंग उडालेला असला तरी चालेल, किंबहुना उडालेलाच बरा. तिकडचे रसिक म्हणतात की नवी तर कितीही वेळा करता येते, मूळची एकदाच असते. सुरुवातीला मला हे सोंग वाटले. मग चांदवडच्या रुपयाची गोष्ट आठवली.

आमच्या चांदवडला होळकरांच्या काळात टांकसाळ होती आणि तिथला चांदवडी रुपया चांगला मुलूखभर चालत असे. आमच्या आळीतल्या एका गृहस्थांना जुन्या घराच्या पायात असा एक रुपया सापडला. काळा पडलेला. त्यांनी तो चिंच लावून, राख लावून असा लखलखीत केला की नुकता पडला आहे असे वाटावे. मग नाशिकच्या सराफबाजारात नेला. सराफाने भिंगातून पाहिले आणि विचारले, “घासलात का?” हे अभिमानाने म्हणाले, “दोन तास!” सराफ म्हणाला, “दोन तासांत दीडशे वर्षे गेली की हो.” आणि नुसत्या चांदीचा भाव सांगितला.

या तिसऱ्या जातीची सर्वांत थोर जाहिरात १९७४ मध्ये अमेरिकेतल्या एका मोटारीच्या मासिकात आली होती. ‘बुलिट’ हा १९६८ चा चित्रपट ज्यांनी पाहिला आहे त्यांना सान फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर उड्या मारणारी ती हिरवी मस्टँग आठवत असेल. स्टीव्ह मॅक्वीनची. तीच गाडी विकायला होती, सहा हजार डॉलरला. न्यू जर्सीतल्या, विमा कंपनीत काम करणाऱ्या एका माणसाने ती घेतली, आणि त्याची शिक्षिका बायको रोज त्या गाडीतून शाळेत जाऊ लागली. १९७७ मध्ये खुद्द मॅक्वीनने पत्र पाठवले, की गाडी मला परत हवी आहे. या बहाद्दराने दिली नाही. पुढे १९८० च्या सुमारास क्लच गेला आणि गाडी उभी राहिली, ती कित्येक वर्षे. बापामागे मुलाने ती बाहेर काढली, चालती केली, पण रंगवली नाही. चित्रीकरणासाठी केलेले जोडकाम, गंज, सगळे तसेच ठेवले. जानेवारी २०२० मध्ये लिलावात ती ३७ लाख ४० हजार डॉलरला गेली, म्हणजे आपले सव्वीस कोटींच्या वर. ही गोष्ट मी आमच्या हिला सांगितली. ती म्हणाली, “म्हणजे मोडकी वस्तू दुरुस्त न करता ठेवायची, हेच ना? मग तुमचे कसे काहीच विकले जात नाही?”

इथपर्यंत हे सगळे परक्याच्या ओसरीवरचे होते. माणसाला समीक्षा सुचते ती तशाच वेळी. पण त्याच पावसाळ्यात चांदवडच्या आमच्या वाड्याची मागची भिंत पडली आणि दादाचा फोन आला, “डॉज विकायची म्हणतो. तू ते जाहिरातीचे वाचत असतोस ना, लिहून दे जरा.”

डॉजबद्दल सांगायला हवे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार केला आणि १९४७ पासून कुर्ल्याला डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. फियाट नंतरची. तेव्हा अमेरिकन गाडी म्हटली की आपल्या मराठी डोळ्यांपुढे जी आगबोट उभी राहते ती बहुधा कुर्ल्याची असते. आमची डॉज किंग्जवे १९५१ ची. सहा सिलिंडरचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, सहा व्होल्टची बॅटरी आणि बॉनेटच्या टोकावर शिंगे वळवून उडी घेणारा मेंढा. अण्णांनी ती १९६६ मध्ये मुंबईहून जुनी आणली. अण्णांची कांद्याची आडत. आडत्याला ट्रक लागतो, डॉज कशाला, असे गावाने विचारले. घरात कोणी विचारले नाही, कारण घरात ठाऊक होते.

त्या वर्षी दादा मॅट्रिक झाला होता. त्याला मुंबईला जाऊन मोटारीचा डिप्लोमा करायचा होता. फॉर्म आणला होता, एका मामांकडे राहण्याचेही ठरले होते. अण्णांनी फॉर्म वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, “दुकान कोण बघणार?” पंधरा दिवसांनी दादा मुंबईला गेला नाही, मुंबईहून डॉज आली. किल्ली अण्णांनी दादाच्या हातात दिली. मी तेव्हा अकरा वर्षांचा. मला एवढेच कळले की दादाची चंगळ झाली.

आणि खरोखर झालीच. मालेगावच्या एका मिस्तरीकडे बसून तो सगळे शिकला. मोठमोठ्या मिस्तरींना न ऐकू येणारी टिकटिक त्याला ऐकू येई. पंचक्रोशीतल्या निम्म्या नवऱ्या त्या डॉजमधून सासरी गेल्या. चैत्रात रेणुकेच्या यात्रेला म्हाताऱ्या माणसांना घाटापर्यंत पोचवायची, बाळंतिणींना नाशिकला न्यायचे, निवडणुकीत दोन्ही पक्षांचे मतदार वाहायचे, ही कामे गाडी निष्पक्षपातीपणाने करी. मला मात्र दादाने एकदाही चालवू दिली नाही. माझे हे गाऱ्हाणे आता साठ वर्षांचे होत आले.

जाहिरात लिहायला म्हणून मी चांदवडला गेलो. पडवीत पोती, फवारणीचे पंप आणि मोडका पाळणा यांच्या मागे डॉज होती. चारी टायर बसलेले. मागची सीट उंदरांनी खाल्लेली. पण पत्रा! भाच्याने दिलेले चुंबक मी दाराला लावले, मडगार्डला लावले, फुटबोर्डाखाली वाकून लावले. सगळीकडे टपकन चिकटले. चांदवडला पाऊस बेताचा. त्यापायी उन्हाळ्यात टँकरची वाट बघण्यात गावाचे आयुष्य गेले, पण डॉजच्या पत्र्याला तो दुष्काळ मानवला होता. ही तर कोरड्या प्रांतातली गाडी! माझ्यातला समीक्षक जागा झाला. मी दादाला म्हणालो, “अरे, ही सर्व्हायव्हर आहे!”

दादा म्हणाला, “म्हणजे?”

मी सव्वीस कोटींची मस्टँग सांगितली, चांदवडी रुपया सांगितला. शिवाय आपल्याकडेही २०२१ मध्ये नियम आला आहे, हे सांगितले: पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, वीस हजार रुपये फी, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे, दहा वर्षांची मुदत. रोज फिरवता येत नाही, पण रॅलीला, प्रदर्शनाला नेता येते. मुंबईतल्या हौशी लोकांना अशा गाड्या हव्याच असतात. अट एवढीच की गाडी मूळ स्वरूपात हवी. चॅसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको.

दादा काही बोलला नाही. त्याने बॉनेट उचलले. आत डिझेल इंजिन होते.

मी विसरलो होतो. १९७३ नंतर पेट्रोल असे भडकले की डॉज दारात उभी ठेवणेसुद्धा महाग वाटू लागले. त्या काळात मुंबईच्या मोठ्या गाड्यांनी भराभर डिझेल इंजिने बसवून घेतली. आमच्या डॉजने १९७५ मध्ये. म्हणजे अरबांनी डेट्रॉइटचे पैलवान ज्या वर्षी चीत केले त्याच कुस्तीत आमचीही डॉज आडवी झाली होती. मूळचे इंजिन अण्णांनी वडनेरभैरवच्या वाटेवरच्या एका मळेवाल्याला विहिरीवर बसवायला दिले.

“मग हे लिहायचे का?” मी विचारले.

दादा म्हणाला, “बाकीचे लोक काय लिहितात?”

इथे माझी खरी पंचाईत झाली. बाकीचे लोक काय लिहितात हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार? ‘मूळ अवस्थेतील’ लिहितात. ‘इंजिन पॅक’ लिहितात. ते खोटे नव्हते, डिझेल इंजिन दादाने खरोखरच उघडले नव्हते. ‘एकहाती वापर’ लिहितात. पडलेली भिंत मागे दिसत होती, गवंड्याने तीन लाखांचा आकडा सांगितला होता, आणि ‘मूळ’ हा एक शब्द घातला तर किंमत दुप्पट होत होती. आयुष्यभर मी या वाङ्मयातल्या थापांना हसलो. आता शब्दाला दोन लाख मिळत होते, एवढे मानधन मराठीत कोणाला मिळाले नसेल.

रात्री मी चार मसुदे केले. पहिल्या तिन्हींत इंजिनाबद्दल चकार शब्द नव्हता. मग दादाने अण्णांची वही काढून दिली, डॉजची वही. रोजमेळाची लाल वही, तीत पहिल्या दिवसापासूनच्या नोंदी: तेल बदलले, प्लग साफ केले, अमक्याच्या मुलीचे लग्न, तमक्याला नाशिक, भाडे घेतले नाही. १९७५ च्या पानावर अण्णांच्या हातची ओळ होती, ‘इंजिन बदलले. थोरल्याला वाईट वाटले.’ पुढे शेवटपर्यंत अक्षर दादाचे. शेवटची नोंद मार्गशीर्ष, १९९१. अण्णांना नाशिकला दवाखान्यात नेले. परत येताना गाडीत दादा एकटाच होता. त्याने गाडी पडवीत लावली आणि वहीत लिहिले, ‘घरी आणली. गाडी ठीक.’

अमेरिकन जाहिरातींत एक वाक्य हटकून येते, की उभी केली तेव्हा चालू होती. तिकडचे लोक त्याची टिंगल करतात, कारण ते वाक्य लिहिणाराच्या गाडीतून झाड उगवलेले असते. मीही पंधरा दिवस या वाक्याला हसलो होतो. चौथ्या मसुद्यात मी ते लिहिले.

‘विकणे आहे. डॉज किंग्जवे, १९५१, कुर्ल्याची. पत्रा मूळचा, लांबी नाही. इंजिन मूळचे नाही. परवडत नव्हते म्हणून १९७५ मध्ये डिझेल बसवले. मागची सीट उंदरांनी खाल्ली. उभी केली तेव्हा चालू होती.’

दादाने चष्मा लावून वाचले. ‘परवडत नव्हते म्हणून’ हे तीन शब्द खोडले. म्हणाला, “अण्णांना आवडले नसते.” बाकी ठेवले. जाता जाता म्हणाला, “उंदरांचे कशाला लिहितोस, दिसतेच की.” पण तेही ठेवले.

वाङ्मय म्हणून ही जाहिरात बरी होती. जाहिरात म्हणून पडली. एका मोठ्या विक्रेत्याने फोनवर ‘डिझेल’ शब्द ऐकला आणि भंगाराचा भाव किलोवर सांगितला. दोन महिन्यांनी मुंबईहून एक तरुण आला. तीस-बत्तीसचा, दाढीवाला. त्याच्याही खिशात चुंबक होते. माझे आणि त्याचे चुंबक एकमेकांना चिकटले तेव्हा मला एकदम घरच्यासारखे वाटले.

तो गाडीखाली तासभर पडून होता. बाहेर आला तो हसत, तोंडाला जळमटे. “काका, चॅसिस एक नंबर आहे. मूळचे इंजिन मिळाले तर मजा येईल. कुठे आहे ते?”

आम्ही तिघे वडनेरच्या वाटेला गेलो. मळेवाल्याचा नातू द्राक्षबागेत होता. त्याने विहीर दाखवली. विजेची मोटर बसली तेव्हाच इंजिन भंगारात गेले होते. विहिरीच्या काठाला सिमेंटचा एक चौथरा होता आणि त्यातून वर आलेले चार बोल्ट. दादा खाली बसला, एका बोल्टवरची माती त्याने अंगठ्याने पुसली आणि म्हणाला, “आटे शाबूत आहेत.” त्या तरुणाने खिशातून फोन काढून त्या बोल्टांचा फोटो घेतला. बुलिटच्या मस्टँगचेही इतक्या आस्थेने कोणी फोटो घेतले नसतील.

किंमत ठरली दोन लाख दहा हजार. भिंतीला पुरेशी नाही, पण निम्म्याहून वर. तरुण म्हणाला, दुसऱ्या डॉजचे इंजिन शोधून बसवीन. नंबर जुळणार नाहीत, ‘व्हीए’ मिळेल-न मिळेल, पण चालवीन. “आणि काका, ती वही द्याल का? गाडीबरोबर असावी.” त्यासाठी तो वर पंधरा हजार द्यायला तयार होता. गाडीपेक्षा वहीचा किलोचा भाव कितीतरी चढा होता. दादाने वही उघडली, दोन-चार पाने उलटली, मिटली आणि म्हणाला, “झेरॉक्स काढून देतो. बसस्टँडजवळ निघते.”

पुढच्या आठवड्यात ट्रेलर आला. डॉज वर चढवायला दहा माणसे लागली आणि शंभर सल्लागार. निघताना दादा म्हणाला, “बांधणी सैल वाटते, जरा पुढपर्यंत बघतो,” आणि ट्रेलरच्या केबिनमध्ये चढला. वयाच्या शहात्तराव्या वर्षी, धोतर सावरत. संध्याकाळी तो पिंपळगाव बसवंतहून एस. टी.ने परत आला. हाताला माती, कपड्यांना ग्रीस.

मी विचारले, “काय रे, नीट गेली?”

“टोलनाक्यावर ट्रेलरचा घेतला,” दादा म्हणाला. “डॉजचा नाही घेतला.” मग त्याने झोळीतून गुंडाळलेला मेंढा काढला. पोराने आपणहून पान्याने काढून दिला होता म्हणे. दादाने तो देवळीत, कंदिलाच्या जागेवर ठेवला, जरा मागे सरकून पाहिले, पुन्हा जाऊन रस्त्याकडे तोंड करून ठेवला आणि विचारले, “गवंडी उद्या येतो म्हणाला का परवा?”